घरी बांधलेल्या कंपोझिट विमानाचे भाग जोडायला कोणतं चिकटद्रव्य निवडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन आसनी कंपोझिट विमान, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून जमवलेल्या काचकापडाच्या थरांचं, तुम्ही आराखड्यावरून घरी बांधताय. पंखांची वरची-खालची कवचं, स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई) आणि रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्या) तयार आहेत, आता ते एकमेकांना जोडायचेत. आराखड्यात सांगितलेलं चिकटद्रव्य मिळत नाही. चार कंपन्यांची माहितीपत्रकं समोर आहेत. त्यांतलं सर्वांत मोठ्या आकड्याचं घेतलं तर चालेल का, आणि दुकानात मिळणाऱ्या दोन ट्यूबच्या साध्या इपॉक्सीवर, अराल्डाइटसारख्या, काम भागेल का?

दुसऱ्याचं उत्तर 'नाही'. पहिल्याचं उत्तर लांब आहे, कारण आकडा बघून निवडायची ही गोष्टच नाही. मी फोम आणि काचकापडाचं दोन आसनी विमान बांधलं, त्याला साडेसहा वर्षं लागली. त्या काळात जेवढे जोड विमानात केले, त्याहून जास्त जोड मुद्दाम तोडून पाहिले. पुढे जे लिहितोय ते त्या तोडण्यातून शिकलेलं आहे.

माहितीपत्रकावरचा तो मोठा आकडा म्हणजे लॅप शिअर, एकमेकांवर चढवलेला जोड सरकवून तोडायला लागणारा ताण. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आम्लानं व्यवस्थित साफ करतात, टोकं एकमेकांवर साडेबारा मिलिमीटर चढवून चिकटवतात आणि यंत्रात धरून दोन्हीकडे ओढतात. जोड तुटला त्या वेळचा भार भागिले चिकटलेलं क्षेत्रफळ, की झाला आकडा तयार. तुमच्याकडे ॲल्युमिनियम नाही, आम्लाची टाकी नाही, आणि तुमच्या पंखावर भारही तसा सरळ ओढणारा येत नाही.

एक साधा हिशेब करून बघा. फ्लँज, म्हणजे स्पार-रिबची कवचाला चिकटणारी दुमडलेली कड, २५ मिलिमीटर रुंद धरा. एक मीटर लांबीत २५,००० चौरस मिलिमीटर जागा झाली. २० मेगापास्कलचं चिकटद्रव्य घेतलं तर कागदावर ही जागा ५,००,००० न्यूटन, म्हणजे जवळपास ५१ टन पेलते. त्यातला चौथाच हिस्सा खरा मानला तरी साडेबारा टनांच्या वर जातो. तुमचं विमान इंधन आणि दोन माणसांसकट पाऊण टनाचं असेल. प्रत्यक्षात भार असा समान वाटला जात नाही, तो जोडाच्या दोन टोकांशी साचतो, म्हणून एकमेकांवर चढवलेली रुंदी दुप्पट केली की ताकद दुप्पट होते असंही नाही. तरीही मुद्दा उरतोच: शिअरमध्ये बहुतेक चांगली इपॉक्सी पुरून उरतात. २५ की ३५ मेगापास्कल, या फरकावरून निवड करणं म्हणजे जिथे धोका नाही तिथे पहारा बसवणं.

धोका आहे सोलण्यात. चिकटपट्टी कागदावरून काढताना आपण एक टोक उचलतो आणि सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो. कवच रिबवरून उचललं जायला लागलं की तेच होतं. फ्लँजच्या काठावर सुरुवात होते आणि मग पिशवीची चेन उघडावी तसा जोड उघडत जातो. त्यात कंपोझिटची स्वतःची अडचण अशी की कापडाच्या दोन थरांमध्ये फक्त रेझिन असतं. जाडीच्या दिशेनं ओढलं तर चिकटद्रव्याआधी वरचा थरच सुटून येतो. म्हणून माहितीपत्रकात पील, म्हणजे सोलणं, या शब्दासमोर काय लिहिलंय ते आधी वाचा. तो आकडाच दिलेला नसेल तर ते माहितीपत्रक बाजूला ठेवा.

याचा अर्थ जास्तीत जास्त लवचीक चिकटद्रव्य घ्या असाही नाही. दोन टोकांची दोन उदाहरणं देतो. हायसॉल ईए ९३९४ हे ॲल्युमिनियमची भुकटी घातलेलं कडक पेस्ट. १०० भाग रेझिनला १७ भाग हार्डनर (ते घट्ट करणारा दुसरा घटक) असं वजनानं मिसळायचं. १७७ अंश सेल्सियसपर्यंत काम देतं, पण सोलण्याला कमजोर. दुसरं थ्रीएमचं स्कॉच-वेल्ड २२१६ ग्रे. हे लवचीक, सोलण्याला चिवट, थंडीत तर उत्तम. पण त्याच्याच माहितीपत्रकात बघा: २४ अंशांना लॅप शिअर २२ मेगापास्कलच्या आसपास आणि ८२ अंशांना तीनच्याही खाली. उन्हात तापलेल्या पंखाच्या आत हे कसं वागेल, याचा विचार न करता फक्त पहिली ओळ वाचणारा माणूस फसतो.

हा तापमानाचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवला असता, पण आधी सोलणं समजलं तर तो नीट कळतो. प्रत्येक इपॉक्सीचं एक तापमान असतं, ज्याच्या पुढे ती काचेसारखी कडक न राहता रबरासारखी होऊ लागते. त्याला टीजी म्हणतात. खोलीच्या तापमानाला जमलेल्या इपॉक्सीचा टीजी साधारण ५५ ते ७० अंशांच्या पट्ट्यात असतो. नंतर बेताची उष्णता देऊन पोस्ट-क्युअर केलं तर तो वर सरकतो, आणि ओलावा शोषला की खाली येतो. मोठ्या विमानांच्या कामात सर्वसाधारण संकेत असा की ओलावा शोषलेल्या अवस्थेतला टीजी वापरातल्या कमाल तापमानाहून निदान २८ अंश वर असावा. घरगुती बांधणीत एवढी मोकळीक क्वचितच मिळते. विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या व्हेरीईझ आणि लाँग-ईझसारख्या फोमच्या विमानांना पांढरा रंग बंधनकारक आहे तो याच कारणानं. कडक उन्हात उभ्या विमानाचा गडद पृष्ठभाग ८० अंशांच्या पुढे सहज जातो. पंखावर गडद पट्टा रंगवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. किमान स्पारच्या वर तरी तो नको.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो भाग: पृष्ठभाग.

माझ्या विंगलेटच्या (पंखाच्या टोकाचा उभा छोटा पंख) आतल्या एका रिबसोबत मी त्याच दिवशी, त्याच मिश्रणानं चार नमुनापट्ट्या चिकटवल्या होत्या. आठवड्यानं पहिली पट्टी पटाशी घालून उघडली. ती जवळजवळ आवाज न करता सुटली. एका बाजूला सगळं चिकटद्रव्य, दुसऱ्या बाजूला स्वच्छ, चकचकीत काचकापड. चारही पट्ट्या तशाच निघाल्या. चिकटद्रव्य घट्ट जमलेलं होतं, वजनं बरोबर होती, कपातलं उरलेलं मिश्रण नखानं ओरखडत नव्हतं. चूक आधीची होती. ते कवच दमट हवेत रात्रभर जमलं होतं आणि त्यावर अमाइन ब्लश आला होता. हार्डनरमधली अमाइनं हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर मेणासारखा पातळ थर बनवतात, तो हा. मी तो ॲसिटोननं पुसला आणि घासला. ब्लश पाण्यात विरघळतो, ॲसिटोननं तो नीट निघत नाही. वर घासल्यामुळे मी तो पेपरच्या प्रत्येक ओरखड्यात चोळून भरला. विंगलेट कापून रिब काढावी लागली. तीन आठवडे गेले. ते गेल्याचं मला अजिबात दुःख नाही, कारण त्या चार पट्ट्या केल्या नसत्या तर ती रिब माझ्यासोबत आकाशात गेली असती.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी कोमट पाणी आणि खरखरीत घासणीनं धुवायचं, पुसून पूर्ण वाळवायचं. मग सॉल्व्हंट: एका स्वच्छ कापडानं लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपून घ्यायचं. ते हवेत उडून गेलं तर मळ जागेवरच राहतो. त्यानंतरच ८० ते १२० नंबरच्या पेपरनं घासायचं, सगळी चमक जाईपर्यंत, पण काचेचे धागे न कापता. शेवटी धूळ व्हॅक्युमनं ओढायची. मग पाण्याची परीक्षा: स्वच्छ पाणी शिंपडलं की ते अखंड पातळ पडद्यासारखं पसरलं पाहिजे. थेंब गोळा होत असतील तर कुठेतरी तेल, मेण किंवा सिलिकॉन आहे, पुन्हा पहिल्यापासून. परीक्षा झाल्यावर भाग नीट वाळवा आणि त्याच दिवशी चिकटवा. उघड्या हातानं शिवू नका.

पील प्लाय म्हणजे ओल्या थरावर घालून जमल्यावर सोलून काढायचं कापड. त्याबद्दल बांधणाऱ्यांत एक समज पक्का बसलाय, की ते ओढून काढलं की पृष्ठभाग तयार. तसं नाही. पील प्लाय खूप उपयोगी आहे, त्यामुळे काम निम्म्यावर येतं आणि ब्लशचा बराचसा भाग त्याच्यासोबत निघून जातो. पण खाली राहतो तो विणीचा ठसा. त्याच्या खोलगट जागा गुळगुळीत असतात आणि काही पील प्लायवर सुटसुटीत निघावं म्हणून सिलिकॉनसारखा लेप असतो. लेप नसलेलं पील प्लाय घ्या, आणि काढल्यावरही हलकं घासा. कार्यशाळेत सिलिकॉन सीलंटची ट्यूब किंवा सिलिकॉनचा फवारा असेल तर तो आजच बाहेर ठेवा. नंतर कुठून कुठे पोचला ते सापडत नाही.

पृष्ठभागावर एवढं लिहिण्याचं कारण असं की जोड एकदा बंद झाला की तो चांगला आहे की नुसता टेकलेला आहे, हे बाहेरून कळायची सोय नाही. नाण्यानं टकटक करून पोकळी सापडते, हवा अडकलेली सापडते. पण दोन्ही बाजू एकमेकांना टेकलेल्या असून चिकटलेल्याच नाहीत, हे ना नाणं सांगतं ना अल्ट्रासाउंड खात्रीनं सांगतं. अमेरिकेच्या छोट्या प्रमाणित विमानांच्या नियमांत २३.५७३ या कलमानं म्हणूनच तीन वाटा ठेवल्या होत्या: जोड एका मर्यादेपलीकडे सुटणारच नाही अशी रचना करा, किंवा प्रत्येक जोडावर प्रत्यक्ष भार देऊन तपासा, किंवा त्याची ताकद सांगणारी खात्रीची तपासणी दाखवा. घरगुती विमानाला हे कलम लागू नव्हतं, पण त्यातली पहिली वाट आपणही धरावी. जिथे जोड सुटला तर पंख जाईल तिथे कोपऱ्यात इपॉक्सी आणि कापसाच्या तंतूंचा, म्हणजे फ्लॉक्सचा, गोलसर भराव घाला आणि त्यावरून काचकापडाच्या तिरप्या पट्ट्यांचे थर द्या. काठावर बाहेर आलेलं चिकटद्रव्य खरडून साफ करू नका, बोटानं गोलाई देऊन राहू द्या. टोकाशी साचणारा भार त्यामुळे कमी होतो. फ्लँजचा काठ उतरता केला तर आणखी बरं.

इथेच एक ताकीद. फ्लॉक्स वेगळं आणि मायक्रो वेगळं. मायक्रो म्हणजे काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे, ते हलकं भरण आहे. फोमची छिद्रं भरायला, आकार साफ करायला ते वापरा. भार घेणाऱ्या जोडात मायक्रो कधीही नको. फ्यूम्ड सिलिका फक्त मिश्रण ओघळू नये म्हणून घालायची असते.

आता कोणत्या कुळातलं घ्यायचं. कवचं इपॉक्सीची असतील तर चिकटद्रव्यही इपॉक्सीच, यात विचार करण्यासारखं काही नाही. दुकानातली पाच मिनिटांची इपॉक्सी मात्र वेगळी. ती झटपट जमावी म्हणून तिचा हार्डनर वेगळ्या जातीचा असतो, टीजी कमी आणि ओलाव्याला ती कच्ची. भाग जागेवर तात्पुरते धरून ठेवायला मीही वापरली, भार घ्यायला कधीच नाही. तुम्ही अराल्डाइटचं नाव घेतलंय म्हणून सांगतो: हे नाव विमानांच्या जगातूनच आलंय. इंग्लंडात डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांची एरो रिसर्च ही कंपनी होती. तिनंच १९४१ मध्ये धातू चिकटवणारं रेडक्स काढलं, आणि पुढे अराल्डाइटही तिचंच. पण आज त्या नावाखाली कितीतरी वेगवेगळी द्रव्यं मिळतात. डब्यावरचं नाव सारखं म्हणून आतला माल सारखा नाही. पूर्ण क्रमांक बघा, नावावर जाऊ नका.

मेथाक्रिलेट चिकटद्रव्यं तुमच्या चारांपैकी एक आहे असं दिसतं. ती झपाट्यानं जमतात, सोलण्याला चिवट असतात, जाड फट भरतात आणि पृष्ठभागाच्या तयारीतली थोडी ढिलाई खपवून घेतात. बोटींच्या कामात त्यांना मान आहे. पण जमताना ती खूप तापतात, आक्रसतात, आणि त्यातला द्रव पॉलिस्टायरीन फोम विरघळवतो. फोमच्या गाभ्याजवळ ती नकोतच. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीनही हेच करतं. गरम तारेनं कापलेल्या निळ्या फोमची विमानं इपॉक्सीनंच बांधतात, त्याचं हे एक कारण. तुमची कवचं कारखान्यातून आलेली व्हिनिल एस्टर या वेगळ्या रेझिनची असतील, ग्लासएअरच्या किटमध्ये असतात तशी, तर घासलेल्या व्हिनिल एस्टरवर इपॉक्सी चालते. उलटा क्रम, म्हणजे इपॉक्सीवर पॉलिएस्टर, टाळा. अमाइनमुळे ते नीट जमत नाही.

धातूचे भाग केवळ चिकटवून ठेवू नका, बोल्ट लावा. ॲल्युमिनियम चिकटवलं की पहिल्या दिवशी ते उत्तम दिसतं. त्याचं खरं रूप काही वर्षांनी, ओलावा ऑक्साइडच्या थरात शिरल्यावर कळतं. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाचं छत हवेत उडालं, त्यामागे हेच होतं: थंड पद्धतीनं चिकटवलेले पत्र्यांचे सांधे गंज आणि ओलाव्यानं सुटले, सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर आला आणि तिथून तडे गेले. कार्बनशेजारी ॲल्युमिनियम येत असेल तर मध्ये काचकापडाचा एक थर हवाच, नाहीतर ॲल्युमिनियम गंजत जातं.

फटीचं माप पंख बंद करायच्या आधी घ्या. पातळ प्लास्टिकमध्ये मऊ मातीचे गोळे गुंडाळून फ्लँजवर ठिकठिकाणी ठेवा, कवच बसवा, वजनं ठेवा, उचला आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. बहुतेक पेस्ट चिकटद्रव्यांना पाव मिलिमीटरच्या आसपासची जाडी मानवते. फार आवळलं तर सगळं बाहेर पिळून जोड कोरडा राहतो, म्हणून मी मिश्रणात पाव मिलिमीटरचे काचेचे मणी चिमूटभर घालतो. फट दोन मिलिमीटरच्या पुढे असेल तर चिकटद्रव्यानं भरत बसू नका, काचकापडाचे थर देऊन फ्लँज वर आणा.

मिसळणं वजनानंच, एक दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. हार्डनर जास्त घातला की लवकर जमतं हा पॉलिएस्टरवरून आलेला गैरसमज आहे. इपॉक्सीत जादाचा हार्डनर नुसता पडून राहतो आणि जोड मऊ होतो. एका कपात ढवळून दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि पुन्हा ढवळा, कारण पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं राहतंच. माहितीपत्रकातला पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर वापरायला मिळणारा वेळ, ठरावीक वजनाच्या मिश्रणाचा असतो. मोठ्या कपात तो झपाट्यानं घटतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की अंदाजे निम्मा होतो. पंख बंद करण्याची एक कोरडी तालीम घड्याळ लावून करा, मदतीला येणारी सगळी माणसं हजर असताना. आमची पहिली तालीम पन्नास मिनिटांची झाली आणि चिकटद्रव्य चाळीस मिनिटांचं होतं. हातमोजे शेवटपर्यंत घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की ती जात नाही, आणि बांधकाम अर्ध्यात राहतं.

राहिला तुमचा मूळ पेच, आराखड्यातलं चिकटद्रव्य न मिळण्याचा. रचनाकार हयात आणि संपर्कात असेल तर पहिलं पत्र त्याला. फ्लँजची रुंदी, फटीची जाडी आणि भार त्यानं त्या द्रव्याच्या भरवशावर ठरवलेले आहेत. तो पर्याय सुचवेल तो घ्या, माझ्या मतापेक्षा त्याचं मत वरचढ. तसं कुणी नसेल तर चारही माहितीपत्रकांतून फक्त तीन गोष्टी उतरवून काढा: ८० अंशांचा शिअर, खोलीच्या तापमानाचा पील, आणि किती जाडीपर्यंत वापरता येतं. याच्यावर दोन तरी गळतील. उरलेल्या दोघांच्या पट्ट्या तुमच्याच कापडाच्या, तुमच्याच रेझिनच्या, तुमच्याच हातानं घासलेल्या बनवा, प्रत्येकी डझनभर. काही आठवड्यानं तोडा. काही महिनाभर गरम पाण्यात ठेवून ओल्याच तोडा. काही ८० अंशांच्या भट्टीतून काढल्या काढल्या तोडा. पटाशी घाला, उघडा आणि दोन्ही चेहरे बघा. काचेचे धागे फाटून दोन्हीकडे चिकटलेले असतील तर चिकटद्रव्यही चांगलं आणि तुमचा हातही. चिकटद्रव्य मधोमध फाटून दोन्हीकडे राहिलं असेल तर आकडा तपासा, बहुधा चालेल. एक बाजू स्वच्छ निघाली तर कितीही जोर लागलेला असो, ती पट्टी नापास. आधी तयारी सुधारून पुन्हा करा, चिकटद्रव्य बदलण्याचा विचार त्यानंतर.

आणि प्रत्येक महत्त्वाच्या जोडासोबत, त्याच कपातून, चार जादा पट्ट्या बनवून तारीख घालून ठेवा. माझ्या पंखांच्या पट्ट्या हँगरमध्ये विमानाशेजारी खिळ्याला टांगलेल्या आहेत, विमान जे ऊन आणि दमटपणा सोसतं तोच सोसत. दरवर्षी तपासणीच्या दिवशी त्यातली एक तोडतो. आतापर्यंत नऊ तोडल्या, नऊही वेळा काच फाटली. सात अजून टांगलेल्या आहेत.